पूर येण्याआधी गाव, तालुका आणि जिल्ह्यानं ठरवून ठेवायच्या गोष्टी

ही यादी कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या गावांसाठी आहे. मे संपायच्या आत ती हातावेगळी करा. जून लागला की जो तो पेरणीच्या मागे, आणि जुलैत पाणी चढायला लागल्यावर कोण कुणाचं ऐकतो?

आधी फोन नंबर. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाचं अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलंय, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. पण रात्री दोन वाजता गावाचा संबंध येतो तो तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि तहसीलच्या नियंत्रण कक्षाशी. गोम अशी की बदल्यांचा हंगाम आणि पावसाळा आपल्याकडे पाठोपाठच येतात. मेमध्ये लिहिलेल्या यादीतला अधिकारी जुलैत दुसऱ्याच तालुक्यात असतो. म्हणून जूनच्या शेवटी एकदा प्रत्येक नंबर फिरवून बघाच. जिल्ह्याचा 1077 आणि राज्याचा 1070 ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवा. टॉवर बंद पडला तर निरोप कोण, कुठल्या वाटेनं नेणार, तेही नाव घेऊन ठरवा.

मग पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा 39 फुटांला, धोका 43 ला. सांगलीत आयर्विन पुलावर 40 आणि 45. हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, पण राजारामला 43 झालं की आपल्या कुठल्या गल्लीत पाणी शिरतं आणि बाहेर जायचा कुठला रस्ता आधी बुडतो, हे किती जणांना सांगता येईल? जुन्याजाणत्यांना बसवून ते लिहून काढा. 2005 च्या पाण्याची खूण धरून बसलेल्यांना 2019 नं गाफील गाठलं, तेव्हा विजेच्या खांबांवर 2019 आणि 2021 च्या खुणाही रंगवा. धरणांचंही वेगवेगळं आहे. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाणी भरलं की आपोआप उघडतात, तिथं कुणाची परवानगी लागत नाही. कोयनेचा विसर्ग आपलं जलसंपदा खातं ठरवतं. अलमट्टी कर्नाटकच्या हातात, तिथला विसर्ग वाढवायचं बोलणं दोन राज्यांच्या पातळीवर चालतं. गावानं त्या वादात पडू नये. विसर्गाचा निरोप आपल्यापर्यंत कोण पोचवणार एवढं तहसीलदारांकडून पक्कं करून घ्यावं.

जनावरांचं मात्र सविस्तर ठरवा, कारण माणसं घर सोडत नाहीत ती बहुतेक वेळा गोठ्यापायी. कुणाकडे किती म्हशी, गाभण किती, कुणाची ट्रॉली, उंचावरच्या कुठल्या गावात दावणी बांधायच्या, वैरण कोण पुरवणार. निवारा केंद्र शाळेत ठरवलं आणि जनावरांची सोय नसली, तर शाळा रिकामी राहते आणि माळ्यावर बसलेली माणसं बोटीची वाट बघत राहतात. पशुसंवर्धन विभाग आणि साखर कारखान्याशी मेमध्येच बोलून ठेवा. ऐन वेळी वैरणीची गाडी मिळत नाही.

बोट आहे म्हणजे सोय झाली असं नाही. मशीन मेमध्ये पाण्यात चालवून बघा, जॅकेट मोजा, चालवणारे दोघं ठरवा आणि किती माणसं बसणार तो आकडा बोटीवरच रंगवा. ऑगस्ट 2019 मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्यानंतर तरी हा आकडा कुणी हसण्यावारी नेऊ नये.

वरची मदत कशी येते तेही गावाला ठाऊक हवं. गाव तहसीलला कळवतं, तहसील जिल्ह्याला, जिल्हाधिकारी मंत्रालयातल्या राज्य नियंत्रण कक्षाकडे तुकडी मागतात. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरेला आहे. 2019 आणि 2021 मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, म्हणजे तुकडी निघाली तरी लगेच पोचेल असं धरू नका. इशारा पातळीलाच मागणी करा. धोक्याची वाट बघण्यात शहाणपण नाही. पेट्रोल, पिण्याचं पाणी, डायलिसिसचे रुग्ण आणि दिवस भरलेल्या बायका यांचं तोवर गावालाच बघावं लागतं.

शेवटी पैसा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचे 75 टक्के, राज्याचे 25. त्यातलं तुमच्या दारात येतं ते पंचनाम्यावरून. तेव्हा सातबारा, आधार आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावर ठेवा. पाणी ओसरल्यावर भिंतीवरची गाळाची रेघ पुसण्याआधी फोटो काढा, मेलेल्या जनावरांचेही काढा. भाऊसाहेब आणि कृषी सहायक आले की सोबत गावातला एक लिहिणारा माणूस द्या आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा.