मंदीच्या वर्षात अध्यक्षपदाचा प्रचार कसा आखायचा

अमेरिकेत अध्यक्षपदाचं मतदान दर चार वर्षांनी, नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी होतं. बँका बुडाल्या म्हणून ते पुढे ढकलत नाहीत. त्यामुळे १९३२, १९८०, १९९२ किंवा २००८ सारख्या वर्षी प्रचारप्रमुखापुढे एकच खरा प्रश्न असतो: या संकटाचं बिल मतदार कुणाच्या नावावर फाडणार? जाहिराती, सभा, डिबेट ही सगळी धावपळ त्या एका उत्तरासाठी असते. खालची पद्धत मुख्यतः २००८ वरून बेतली आहे. त्या वर्षी मतदानाला सात आठवडे उरले असताना संकट अंगावर कोसळलं, आणि दोन्ही बाजूंनी काय केलं याची जवळपास रोजची नोंद उपलब्ध आहे.

आधी आपली जागा ओळखा

व्हाइट हाउसमध्ये आपल्या पक्षाचा माणूस नसेल, तर निवडणूक म्हणजे सरकारवरचा कौल, असंच चित्र शेवटपर्यंत राखायचं. आपणच सत्तेत असू, तर कौलाची भाषा टाळून ‘या दोघांपैकी कोण?’ हा प्रश्न पुढे करायचा. तिसरी अवस्था सर्वांत अवघड: मावळता अध्यक्ष आपल्या पक्षाचा, पण उमेदवार दुसराच. २००८ चे रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन याच कात्रीत सापडले होते. सिनेटमध्ये त्यांनी ९० टक्के वेळा मावळते अध्यक्ष धाकटे बुश यांच्या बाजूनं मत दिलं, हे प्रतिस्पर्धी ओबामांच्या प्रचारानं महिनोन्‌महिने घोकलं. ‘मी म्हणजे बुश नव्हे’ असं मॅकेन यांनी ठणकावून सांगितलं ते १५ ऑक्टोबरच्या शेवटच्या डिबेटमध्ये, मतदानाला तीन आठवडेही उरले नसताना. वाक्य चांगलं होतं, पण ते वसंतात यायला हवं होतं. अंतर राखायचं तर उमेदवारी नक्की झाल्याच्या आठवड्यात, एखाद्या ठोस धोरणावर, नाव घेऊन राखावं.

आकड्यांचं कॅलेंडर भिंतीवर लावा

मंदी आहे की नाही याचा अधिकृत निवाडा नॅशनल ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च ही संस्था करते, आणि तो प्रचाराच्या कामी सहसा वेळेवर येत नाही. डिसेंबर २००७ पासून मंदी सुरू झाली हे तिनं १ डिसेंबर २००८ ला जाहीर केलं, म्हणजे मतदान उरकल्यावर. उलट १९९० मध्ये सुरू झालेली मंदी मार्च १९९१ मध्येच संपली होती, पण ते जाहीर झालं डिसेंबर १९९२ मध्ये, तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश हरल्यानंतर. मधल्या काळात बेरोजगारी जून १९९२ मध्ये ७.८ टक्क्यांवर गेली. अर्थव्यवस्था सावरतेय हे बुश यांचं म्हणणं आकडेवारीत खरं होतं, पण ज्याची नोकरी गेली त्याला ते चेष्टेसारखं वाटलं.

म्हणून कॅलेंडरवर दोनच प्रकारच्या तारखा ठळक करा. रोजगाराचे आकडे बहुधा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी साडेआठला येतात. राज्यवार आकडे त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. तिसऱ्या तिमाहीच्या जीडीपीचा पहिला अंदाज ऑक्टोबरच्या अखेरीस येतो. मतदानाआधीचा शेवटचा आकडा कोणता, हे वर्षाच्या सुरुवातीलाच तपासून ठेवा. २००८ मध्ये ३ ऑक्टोबरच्या अहवालात १,५९,००० नोकऱ्या गेल्याचं दिसलं. पुढचा अहवाल ७ नोव्हेंबरला होता आणि मतदान ४ ला. म्हणजे शेवटचा बार ३० ऑक्टोबरच्या जीडीपीचाच. आकडा चांगला आला तर आणि वाईट आला तर, अशी दोन्ही निवेदनं आदल्या रात्री तयार हवीत. पावणेनऊपर्यंत वाहिन्यांकडे पोहोचलं नाही तर दिवस दुसऱ्याचा.

सभेत मात्र देशाचा आकडा कमी वापरा. ओहायोत ओहायोचा, शक्य असेल तर त्या काउंटीचा (जिल्ह्याचा). २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला ४ डॉलरच्या वर गेलं होतं. तो आकडा कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता, पंपावरच लिहिलेला होता.

संदेश तीन ओळींत

१९९२ मध्ये लिटल रॉकमधल्या क्लिंटन यांच्या वॉर रूममध्ये, म्हणजे प्रचाराच्या मुख्य कचेरीत, त्यांचे सल्लागार जेम्स कार्व्हिल यांनी तीन ओळींची पाटी लावली होती: ‘बदल हवा की तेच ते’, ‘मुद्दा अर्थव्यवस्थेचा, वेड्या’ आणि ‘आरोग्यसेवा विसरू नका’. मधली ओळ जगभर गाजली आणि ती घोषणा होती असा समज पसरला. खरं तर ती मतदारांसाठी नव्हतीच, कार्यकर्त्यांनी भरकटू नये म्हणून होती. तुमच्या पाटीवरही तीनच ओळी असू द्या. सल्लागार चौथी घालायला सांगतीलच.

मतदारासाठी वाक्याऐवजी प्रश्न जास्त चालतो. २८ ऑक्टोबर १९८० ला, मतदानाच्या बरोबर एक आठवडा आधी, क्लीव्हलंडच्या डिबेटमध्ये विरोधी उमेदवार रेगन यांनी विचारलं: चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का? दुकानात जाऊन वस्तू घेणं सोपं झालंय का? त्या वर्षी महागाई १३.५ टक्के होती, पण उत्तर द्यायला तो आकडा माहीत असण्याची गरज नव्हती. प्रश्नाची परीक्षा हीच: वर्तमानपत्र न वाचणाऱ्याला स्वतःच्या पाकिटाकडे बघून उत्तर देता आलं पाहिजे. सत्ताधाऱ्यानं मात्र या प्रश्नाच्या वाटेला जाऊ नये, आकडे आपल्या बाजूचे असले तरी.

कोसळण्याचा दिवस

सगळ्यात जास्त तयारी इथे लागते, आणि सगळ्यात जास्त घोटाळेही इथेच होतात.

१५ सप्टेंबर २००८, सोमवार. लेहमन ब्रदर्स या बड्या गुंतवणूक बँकेनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच सकाळी फ्लोरिडात जॅक्सनव्हिलच्या सभेत मॅकेन यांनी अर्थव्यवस्थेचा पाया मजबूत असल्याचं नेहमीचं वाक्य उच्चारलं. काळ फार कठीण आहे, असंही ते त्याला जोडून म्हणाले, पण ते कुणी ऐकलं नाही. दुपारी त्यांनी खुलासा केला, की पाया म्हणजे अमेरिकेचा कामगार. तोवर ओबामा कोलोराडोतून विचारून मोकळे झाले होते, की कोणत्या अर्थव्यवस्थेबद्दल बोलताय? पाठोपाठ जाहिरातही आली.

दोष वाक्याचा जितका, तितकाच कामाच्या पद्धतीचा. सभेचं ठरलेलं भाषण बातमी आल्यावर कुणी पुन्हा चाळलं नाही. म्हणून हे नियम लिहून ठेवा:

१. मोठी बातमी आली की उमेदवाराच्या हातातलं भाषण परत घ्यायचं. नव्या मजकुरावर अर्थसल्लागार आणि प्रचारप्रमुख, दोघांची संमती होईपर्यंत माइक नाही.

२. पहिलं निवेदन तीन वाक्यांचं: फटका कुणाला बसतोय, आपण काय मागतो आहोत, पुढचं कधी बोलू. बाजार उद्या वर जाईल की खाली, यावर एक अक्षरही नाही.

३. दोन दिवसांत उमेदवार जाणत्या माणसांसोबत टेबलाशी बसलेला दिसला पाहिजे. ओबामांनी त्याच आठवड्यात सल्लागारांची बैठक घेतली. फेडरल रिझर्व्हचे माजी अध्यक्ष पॉल व्होल्कर त्यांच्या सल्लागारांत होते. ‘नवखा आहे’ या आक्षेपाला ते परस्पर उत्तर होतं.

४. जे आपल्या हातात नाही, ते करून दाखवण्याची घोषणा नाही.

चौथा नियम मोडला की काय होतं? २४ सप्टेंबरला मॅकेन यांनी प्रचार स्थगित केला, आपण वॉशिंग्टनला जातोय म्हणाले आणि २६ तारखेचं डिबेट पुढे ढकलायची मागणी केली. ओबामांचं उत्तर साधं होतं: अध्यक्षाला एका वेळी एकाहून जास्त कामं पाहावीच लागतात. २५ ला व्हाइट हाउसमध्ये बैठक झाली. तिथे मॅकेन फारसं बोललेच नाहीत, कारण त्यांच्याच पक्षाचे खासदार बँका वाचवण्यासाठीच्या ७०० अब्ज डॉलरच्या सरकारी मदतीवर (बेलआउटवर) फुटलेले होते आणि त्यांची मतं मॅकेन यांच्या खिशात नव्हती. तोडगा निघालेला नसतानाच ते २६ ला डिबेटला उभे राहिले. २९ ला हाउसनं, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं, बेलआउटचं विधेयक २२८ विरुद्ध २०५ नं फेटाळलं. रिपब्लिकनांची १३३ मतं विरोधात, ६५ बाजूनं. शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक त्या एका दिवसात ७७७ अंकांनी घसरला. धाडस म्हणून केलेली चाल धांदल ठरली. आधी मतं मोजायची, मग विमानात बसायचं.

नकोशा विधेयकावर भूमिका घ्यावीच लागते. बँकांना पैसे देणं कुणालाच रुचत नव्हतं, तरीही दोघांनीही १ ऑक्टोबरला सिनेटमध्ये बाजूनं मत दिलं. अशा वेळी पाठिंब्याला तीन-चार अटी जोडाव्यात आणि पाठिंब्यापेक्षा अटींबद्दल जास्त बोलावं. ओबामांच्या अटी होत्या: देखरेख, करदात्याचं संरक्षण, बड्या अधिकाऱ्यांच्या पगाराला लगाम, घर गमावणाऱ्यांना मदत.

वचन किती आकड्यांत द्यायचं

मतदाराला स्वतःला रेषेच्या अलीकडे की पलीकडे ठेवता येईल, असा एकच आकडा पुरतो. ओबामांचा होता २,५०,००० डॉलर: त्याखाली उत्पन्न असेल तर करवाढ नाही. पण ऑक्टोबरात ओहायोमध्ये एका प्लंबरशी रस्त्यावर बोलताना त्यांच्या तोंडून ‘संपत्ती वाटली जावी’ अशा अर्थाचं वाक्य निसटलं. मॅकेन यांनी ते डिबेटमध्ये पुन्हापुन्हा वापरलं. आकडा सांगून झाला की थांबावं. तत्त्वज्ञान सुरू झालं की घोडं अडतंच.

सरकारी खर्चाबद्दल तर टक्केवारी देऊच नये. १९ ऑक्टोबर १९३२ ला पिट्सबर्गमध्ये रूझवेल्ट यांनी सरकारचा खर्च २५ टक्क्यांनी कमी करायचं वचन दिलं आणि सत्तेत आल्यावर खर्च वाढवला. १९३६ मध्ये त्या भाषणाचं काय करायचं असा प्रश्न आला, तेव्हा सल्लागार सॅम्युअल रोझेनमन यांनी तोडगा सुचवला: तुम्ही पिट्सबर्गला कधी गेलाच नव्हता, असं सांगा! रूझवेल्ट यांना ते पचलं. थोरल्या बुश यांना पचलं नाही. १९८८ चं ‘नवे कर नाहीत’ हे वचन १९९० मध्ये मोडलं आणि पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या १९९२ च्या प्राथमिक फेरीपासून त्यांच्याच पक्षातल्या पॅट ब्यूकॅनन यांनी ते त्यांच्या डोक्यात हाणलं.

उमेदवाराचं घर, घड्याळ, मित्रमंडळी

मंदीत श्रीमंती गुन्हा नसते, बेफिकिरी असते. ऑगस्ट २००८ मध्ये आपली घरं किती, हे मॅकेन यांना मुलाखतीत सांगता आलं नाही. त्याआधी जुलैत त्यांचे अर्थसल्लागार फिल ग्रॅम यांनी मंदी ‘मानसिक’ असल्याचं म्हणून जखमेवर मीठ चोळलं होतं. त्यांना प्रचारातलं पद सोडावं लागलं. १९९२ च्या रिचमंड डिबेटमध्ये बुश यांनी नुसतं घड्याळ पाहिलं, आणि तेवढं दृश्य पुरलं. उमेदवाराच्या मालमत्तेची यादी, दूध-पेट्रोल-घरभाड्याचे चालू भाव आणि प्रत्येक सल्लागाराची जुनी विधानं, ही तीन टिपणं दर आठवड्याला नवी करावीत.

पैसा आणि नकाशा

मतदानाआधीच्या शेवटच्या ६० दिवसांत टीव्ही केंद्रांना उमेदवाराला सर्वांत कमी दरानं जाहिरातीची वेळ द्यावी लागते. ही सवलत उमेदवाराच्या स्वतःच्या मोहिमेलाच मिळते, बाहेरच्या गटांना नाही. म्हणून शक्य तितका पैसा उमेदवाराच्या खात्यात आणा. २००८ मध्ये मॅकेन यांनी सरकारी निधी घेतला, ८.४१ कोटी डॉलर, आणि खर्चाची मर्यादाही त्यासोबत आली. ओबामांनी तो नाकारला आणि एकट्या सप्टेंबरात १५ कोटींहून जास्त जमवले, बरेचसे लहान देणग्यांतून. २९ ऑक्टोबरला त्यांनी अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकाच वेळी अनेक वाहिन्यांवर दाखवला. त्यात सामान्य कुटुंबांचे हिशेब होते, विरोधकाचा उल्लेखही नव्हता.

एखादं राज्य सोडायचं असेल तर गुपचूप सोडा. २ ऑक्टोबरला मॅकेन मिशिगनमधून माघार घेत असल्याची बातमी फुटली आणि उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनीच त्यावर उघड नाराजी दाखवली. अध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टोरल कॉलेजमधली तिथली १७ मतं तर गेलीच, शेजारच्या राज्यांतले कार्यकर्तेही खचले.

दारोदारच्या कामात मंदी एक वेगळी अडचण आणते: मतदारयादीतले पत्ते खोटे ठरतात. घर बँकेनं जप्त केलं, कुटुंब भावाकडे राहायला गेलं, नोंदणी जुन्याच पत्त्यावर. बऱ्याच राज्यांत नोंदणीचा पत्ता बदलून घ्यायची मुदत मतदानाच्या ३० दिवस आधीच संपते. त्यामुळे सप्टेंबर संपायच्या आत जप्तीची घरं जास्त असलेल्या वस्त्यांत यादी पडताळा, आणि दार बंद दिसलं तर शेजारी विचारा. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे काम करायचं असेल तर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात जावं. घरच्या राज्यातला निकाल बहुधा ठरलेला असतो. एच-वन-बी व्हिसावर असाल तर देणगी देता येत नाही आणि मोहिमेच्या निर्णयांत भाग घेता येत नाही. विनामोबदला काम मात्र चालतं. ग्रीन कार्ड असेल तर देणगीही चालते.

सत्तेत असाल तर

२०१२ चं उदाहरण पाहा. मतदानाआधीच्या शेवटच्या अहवालात बेरोजगारी ७.९ टक्के होती, तरी ओबामा जिंकले. त्यांनी रिपब्लिकन प्रतिस्पर्धी रॉम्नी यांच्यावरच्या जाहिराती उन्हाळ्यातच सोडल्या. त्यामागे कायद्याचं कारण होतं: मुख्य निवडणुकीसाठी मिळालेल्या देणग्या पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार म्हणून नाव जाहीर होईपर्यंत वापरता येत नाहीत, आणि रॉम्नी यांचं अधिवेशन ऑगस्टअखेरीस होतं. प्राथमिक फेरीत खिसा रिकामा झालेल्या प्रतिस्पर्ध्याला गाठायची हीच वेळ. ओहायोत मोटार उद्योग वाचवल्याचं श्रेय घेतलं, कारण तिथे ते कारखान्याच्या फाटकावर दिसत होतं. देशभराच्या सुधारणेचे तक्ते त्यांनी फारसे फिरवले नाहीत.

जिंकलात तर मतमोजणीनंतरच्या आठवड्यांचा आराखडाही प्रचारातच तयार हवा. १९३२ मध्ये रूझवेल्ट यांनी मावळते अध्यक्ष हूव्हर यांच्याशी संयुक्त भूमिका घ्यायचं टाळलं, आणि ४ मार्च १९३३ च्या शपथविधीपर्यंत देशभरातल्या बँकांना टाळी लागत गेली. ओबामांनी ७ नोव्हेंबर २००८ ला सांगितलं की एका वेळी अध्यक्ष एकच असतो, आणि २४ नोव्हेंबरला टिमथी गाइटनर यांचं नाव अर्थमंत्रिपदासाठी जाहीर केलं. बाजाराला भाषणापेक्षा ते नाव हवं असतं. त्याची चाळणी ऑक्टोबरातच उरकून ठेवा.