डब्ल्यू अँड ओडी ट्रेलवर सायकल काढताय? या चुका टाळा

नॉर्दर्न व्हर्जिनियातल्या आपल्या लोकांपैकी कुणीही नवी सायकल घेतली की पहिल्यांदा डब्ल्यू अँड ओडीवरच येतो आणि ते बरोबरच आहे, वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन या जुन्या रेल्वेलाइनच्या जागी केलेला, चालायला आणि सायकलला डांबरी ट्रेल, शर्लिंग्टनपासून पर्सलव्हिलपर्यंत सलग ४५ मैल. पण सोपा दिसतो म्हणून लोक काही न बघता निघतात, आणि घोळ होतो तो क्रॉसिंगला नाहीतर दुसरा ट्रेल येऊन मिळतो तिथे.

क्रॉसिंगबद्दल मला अगदी कळकळीने सांगायचंय. ट्रेलवर जी स्टॉपची पाटी असते ती आपल्यासाठीच असते, तिथे खरंच पाय टेकवा. रस्ता चार लेनचा असेल आणि अलीकडच्या लेनमधला ड्रायव्हर थांबून हात करून जा म्हणाला तरी लगेच सुटू नका, कारण शेजारच्या लेनमधून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही, थांबलेल्या गाडीने तुम्हाला झाकलेलं असतं. प्रत्येक लेन वेगळी बघायची. मुलं सोबत असतील तर त्यांना पुढे पळू देऊ नका, सगळ्यांनी एकत्रच रस्ता ओलांडायचा.

दुसरी चूक म्हणजे मॅपवर रेघ दिसली की तो रस्ता पण असाच असणार असं धरून चालणं. आर्लिंग्टनमध्ये कस्टिस ट्रेल लागतो, तो आय-६६ हायवेच्या कडेने रॉसलिनला नेतो, वॉशिंग्टन डीसीला जायला बेस्ट, पण चढ-उतार भरपूर, आणि शेवटी लिन स्ट्रीटच्या चौकात उजवीकडे वळून नदीवरच्या ‘की ब्रिज’कडे जाणाऱ्या गाड्यांवर नीट नजर ठेवावी लागते, सिग्नल तुमचा असला तरी. चढ नको असेल तर शर्लिंग्टनवरून फोर माइल रन ट्रेलने माउंट व्हर्नन ट्रेलला जा, फक्त जोराचा पाऊस होऊन गेला असेल तर अंडरपासमध्ये पाणी आणि चिखल असतो. माउंट व्हर्ननवरचे लाकडी पूलही ओले असताना घसरतात, तिथे ब्रेक आधीच मारून ठेवा, पुलावर नाही. व्हिएन्ना आणि रेस्टनच्या मधे क्रॉस काउंटी ट्रेल लागतो तो बारीक टायरच्या रोड बाइकचा नाहीच, मातीची वाट आहे आणि ओढ्यातून दगडांवर पाय ठेवत जायचं.

तिसरी, परतीचा हिशोब न करणं. ४५ मैल हे एका बाजूचे! लीसबर्ग सोडलं की क्लार्क्स गॅपपर्यंत चढच आहे, जुन्या रेल्वेलाइनचा चढ असल्यामुळे अंगावर येत नाही पण लवकर संपतही नाही. अ‍ॅशबर्न ते लीसबर्ग सावली कमी, उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा आणि पाणी दिसेल तिथे बाटली भरून घ्या. पंक्चर किट आणि पंप तर हवाच, कारण अ‍ॅशबर्नच्या पश्चिमेला मेट्रोच नाही, तिथे अडकलात तर कुणाला तरी गाडी घेऊन बोलवावं लागेल. अ‍ॅशबर्नच्या अलीकडे असाल तर हर्नडन, वीली-रेस्टन ईस्ट किंवा ईस्ट फॉल्स चर्च स्टेशन गाठा, मेट्रोत सायकल आता गर्दीच्या वेळीही चालते, फक्त एस्कलेटरवर न्यायची नाही, लिफ्टच घ्यायची आणि डब्याच्या मधल्या दाराने चढायचं नाही.

आणि ओव्हरटेक करताना घंटी वाजवा किंवा ‘ऑन युअर लेफ्ट’ म्हणा, पण थोडं आधी. अगदी कानाशी येऊन ओरडलं की चालणारा दचकून नेमका डावीकडेच सरकतो.