ओरखडा भरला म्हणजे पेशी सरकल्या असं नाही : या चुका टाळा

पिपेटच्या टोकाने प्लेटमधल्या पेशींवर ओरखडा काढायचा, पीडीजीएफ-बीबी (पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटून संदेश देणारं प्रथिन) घालायचं आणि दुसऱ्या दिवशी जागा भरलेली दिसली की ‘रिसेप्टरच्या संदेशामुळे स्थलांतर झालं’ असं लिहून मोकळं व्हायचं. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या अरेखित स्नायुपेशींवर काम करताना ही चूक मीही केली आहे.

घोळ असा, की हा रेणू पेशीला दोन हुकूम एकदमच देतो : सरक आणि वाढ. १९७४ साली रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी प्लेटलेटमधून येणारा हा घटक दाखवला, तोच मुळी पेशींची संख्या वाढवणारा म्हणून. मग ती जागा चालत आलेल्या पेशींनी भरली की तिथेच जन्मलेल्यांनी? ओरखड्याकडे नुसतं बघून हे कळत नाही. आधी सुमारे २४ तास सीरम (पेशींच्या खाद्यातला रक्तद्रव) तोडा, मायटोमायसिन-सीने विभाजन थांबवा (मात्रा बेताची, नाहीतर पेशीच मरतात), आणि निकाल पेशी दुप्पट होण्याआधी वाचा.

दुसरी चूक बॉयडन चेंबरमधली, म्हणजे सच्छिद्र पडद्याने वर-खाली विभागलेल्या डबीतली. पीडीजीएफ फक्त खाली घातलं, पडद्याच्या ८ मायक्रॉनच्या छिद्रांतून पेशी उतरल्या, म्हणून त्यांना दिशा कळली असं होत नाही. तेवढंच पीडीजीएफ वरही घालून बघा. तरीही तितक्याच उतरल्या, तर त्या नुसत्याच चळवळ्या झाल्या आहेत.

‘प्रतिसाद कमी आहे, मात्रा वाढवू’ हा मोह तर फारच महागात पडतो. पेशीला पुढची बाजू कळते ती फरकावरून. ज्या टोकाला पीडीजीएफ जास्त, तिथे रिसेप्टर जोडीने येऊन एकमेकांवर फॉस्फेट चढवतात, पीआय-३ कायनेज हे विकर जागं होतं, रॅक हा प्रथिनाचा खटका चालू होतो आणि अ‍ॅक्टिनचे धागे पेशीच्या पडद्याला पुढे ढकलतात. पातळ पंख्यासारखी ती कड सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. मात्रा भरमसाट झाली की चारही बाजूंचे रिसेप्टर भरतात आणि पेशी गोंधळून जागीच पसरते. म्हणून मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमच्या आसपास सुरुवात करून दोन्ही बाजूंच्या मात्रा तपासा. पीडीजीएफ प्लास्टिकला चिकटतं, त्यामुळे फार पातळ द्रावण अल्ब्युमिन या प्रथिनाशिवाय ठेवू नका.

कोलॅजन किंवा फायब्रोनेक्टिनचा थर दिला नसेल, तर इंटिग्रिनला (पृष्ठभाग पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाला) धरायला काही उरत नाही. दोष मात्र बिचाऱ्या रिसेप्टरवर येतो.

वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीसाठी) पीडीजीएफ दिल्यावर तासाभराने पेशी फोडल्या, तर फॉस्फोरिलेशनचा (फॉस्फेट चढण्याचा) भर कधीच ओसरलेला असतो. तो बहुधा ५ ते १० मिनिटांत येतो. थेट बर्फावर काम करा, बफरमध्ये फॉस्फेट उतरू न देणारं सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट असू द्या.

पीडीजीएफच्या रिसेप्टरचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार असतात. इमॅटिनिब या रोधक औषधाने हालचाल थांबली म्हणून बीटा रिसेप्टर सिद्ध झाला असंही म्हणू नका. ते एबीएल आणि किट या दुसऱ्या कायनेजांनाही रोखतं. पीडीजीएफ-एए फक्त अल्फाला चिकटतं. प्लेटमधला तेवढा एक खळगा त्यासाठी राखून ठेवा.