चाकांची बॅग दुकानाबाहेर ओढून बघा

रिकामी बॅग दुकानातल्या फरशीवर कुठलीही पळते. नाशिकरोड स्टेशनबाहेर भरलेली बॅग ओढली की खरं कळतं. म्हणून घेतानाच:

१. आत दहा किलो वजन टाकून बाहेर खडबडीत रस्त्यावर ओढा.

२. चाकावर नख दाबा. किंचित रुतलं तर आवरण मऊ, दणके सोसणारं. टणक प्लॅस्टिक खडखडतं, तडकतं. चाक स्क्रूने बसवलेलं असेल तर बदलता येतं. रिव्हेट (ठोकून कायमचा पक्का केलेला खिळा) असेल तर कटकट. खड्ड्यांसाठी चार फिरत्या चाकांपेक्षा दोन मोठी, अर्धी आत बसलेली चाकं बरी.

३. दांडा पूर्ण वर काढून हलवा. फार डुगडुगला तर नको.

विमानात सोबत न्यायची असेल तर उंची चाकांसकट मोजा, लेबलवर विसंबू नका.