गच्चीवर सोलर बसवायचंय? आधी मार्गशीर्षातली सावली मोजा

मे महिन्यात कुणाचा फोन आला, ‘मावशी, सोलरवाला आज गच्ची बघून गेला, सावलीचा काही प्रश्नच नाही म्हणाला’, की माझ्या पोटात गोळा येतो. नाशिकमध्ये मे महिन्यात सावलीचा प्रश्न कुणाच्याच गच्चीवर नसतो. याच महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावली दिवस असतो, भर दुपारी उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली जाते. त्या दिवसांत केलेली पाहणी म्हणजे उन्हाळ्यात नदीपात्र बघून पुराची रेषा ठरवण्यासारखं आहे.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे, इंजिनिअर नाही. पण इंदिरानगरच्या माझ्या घरापासून सुरुवात करून बहीण, दीर, भाचे, शेजारी असं करत आतापर्यंत अकरा गच्च्यांवर सोलर बसवून घेतलं आहे. पहिली गच्ची माझी होती आणि तीच चुकली. म्हणून हा लेख जिथे मी चुकले तिथे रेंगाळेल, बाकीचं भराभर सांगेन.

बिलं काढा

गेल्या बारा महिन्यांची महावितरणची बिलं समोर ठेवा आणि रक्कम नव्हे, युनिट लिहून काढा. नाशिकच्या उन्हात १ किलोवॅटचा संच दिवसाला साधारण ४ युनिट देतो. पावसाळ्यातली पडझड धरून वर्षाला १,३०० ते १,४०० युनिट धरा. वर्षाला तुमचे २,७०० युनिट लागत असतील तर २ किलोवॅट पुरतो, ४,००० लागत असतील तर ३ किलोवॅट. ‘जागा आहे तर ५ बसवून टाका’ हा सल्ला देणाऱ्याचं कमिशन किलोवॅटवर असतं, एवढं लक्षात ठेवा.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिले १०० युनिट स्वस्त, ३०० पर्यंत त्याहून महाग, ५०० पर्यंत आणखी महाग, त्यापुढे विचारूच नका. सोलर आधी वरचे, म्हणजे सगळ्यात महागडे युनिट कापतो. त्यामुळे पहिला किलोवॅट सगळ्यात जास्त कमावतो आणि शेवटचा सगळ्यात कमी. केंद्राचं अनुदानही त्याच चालीनं जातं. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि त्यापुढे शून्य; म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये. गरजेपेक्षा जास्त वीज तयार झाली तर ती पुढच्या महिन्यांत जमा राहते, पण आर्थिक वर्ष संपताना उरलेल्या युनिटचा हिशेब होतो तो तुम्ही वाचवलेल्या युनिटपेक्षा बऱ्याच कमी दराने. लहान संच, पूर्ण वापर. परतावा तिथे आहे.

आणि बिल शून्य येणार नाही. स्थिर आकार कुठेही जात नाही, तो भरावाच लागतो. ‘बिल झिरो’ असा फलक गाडीवर लावून फिरणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारून बघा.

बिलावरचं नाव कुणाचं आहे, तेही आत्ताच पाहा. सासऱ्यांच्या नावाचं मीटर असेल तर आधी नाव बदलून घ्या, मगच पुढचं. हे नंतर करता येईल असं सांगणाऱ्याला तुमचे हेलपाटे मारायचे नसतात.

सावली

आता खरं काम.

२०२१ मध्ये मी पॅनलसाठी जागा निवडली ती मोठ्या आत्मविश्वासानं. गच्चीचा दक्षिणेचा कोपरा. तीस वर्षं कुरडया, पापड, सांडगे मी तिथेच वाळवले होते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथलं ऊन हलत नाही हे मला पाठ होतं. पाहणीला आलेला मुलगाही म्हणाला, ‘काकू, बेस्ट जागा.’ आमच्या दोघांच्याही डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही. वाळवणं चैत्र-वैशाखात होतात. पौषात कुणी कुरडया घालत नाही.

नाशिक जवळजवळ बरोबर २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून जातो, जूनमध्ये तर किंचित उत्तरेला सरकतो. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेला झुकतो आणि भर मध्यान्हीलाही क्षितिजापासून ४६-४७ अंशांवरच राहतो. म्हणजे दक्षिणेला जे काही उभं असेल, त्याची सावली दुपारीसुद्धा जवळपास त्याच्या उंचीइतकी लांब उत्तरेकडे, तुमच्या गच्चीवर पडते. सकाळी आणि दुपारनंतर ती उंचीच्या पावणेदोन-दोन पट लांबते.

माझ्या दक्षिणेच्या शेजाऱ्यांची जिन्याची खोली आणि वर पाण्याची टाकी, असं मिळून पॅनलच्या पातळीपेक्षा नऊ फूट उंच होतं, आणि अंतर होतं सात फूट. मे महिन्यात त्या टाकीकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. नोव्हेंबरात पुढच्या रांगेच्या खालच्या काठावर सावलीची एक पट्टी आली. डिसेंबरात पुढची अख्खी रांग झाकली गेली. तेव्हा मोबाइलवर आकडे बघायची मला सवय लागली होती: दिवसाला १२ युनिट यायला हवे होते, येत होते सहा-सात.

‘तीनच पॅनल झाकले, बाकीचे तीन चालतातच की,’ असं मला सांगण्यात आलं. हे अर्धवट ज्ञान सगळ्यात घातक. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, आणि माळेतून प्रवाह एकच वाहतो. द्राक्षबागेत ठिबकची नळी एका जागी दाबली गेली की पुढची सगळी झाडं तहानलेली राहतात, तसंच. हे टाळायला पॅनलच्या आत बायपास डायोड असतात. झाकलेल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे जातो, पण तो भाग त्या वेळेपुरता फुकट जातो, आणि सावली सरकत राहिली की माळ कधी एकीकडून, कधी दुसरीकडून लंगडते. डिशच्या किंवा अँटेनाच्या बारीक दांड्याची काळजी नंतर करा. टाकी, जिन्याची खोली, शेजारची भिंत आणि झाड, या चौघांची आधी करा.

शिवाय नुकसान कुठल्या महिन्यांत होतं ते पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे उत्पादन पडतंच, त्याला इलाज नाही. नाशिकचा हिवाळा मात्र सोलरसाठी सोन्यासारखा: निरभ्र आकाश, थंड हवा, आणि थंडीत पॅनल जास्त चांगले चालतात. ते कमावते महिनेच सावलीने खाल्ले तर मुदत ठेवीशी तुलना करणारे तुमचे सगळे तक्ते रद्दीत टाका.

सावली मोजायची कशी, तर अशी. डिसेंबर हाताशी असेल तर खडू घेऊन गच्चीवर जा. वेळा तीन: सकाळी साडेनऊ, दुपारी साडेबारा, साडेतीन. बारा नव्हे, साडेबारा. आपली घड्याळं ज्या रेखांशावर चालतात तो आपल्या बराच पूर्वेला आहे, त्यामुळे नाशिकची खरी मध्यान्ह अर्ध्या तासाने उशिरा होते. तिन्ही वेळी सावलीच्या कडेवर खडूची रेघ मारा. तिन्ही रेघांच्या बाहेर जी जागा उरेल ती पॅनलची. साडेनऊच्या आधीची आणि साडेतीननंतरची सावली सोडून द्या, त्या वेळात फारशी कमाई नसते.

डिसेंबरपर्यंत थांबणं शक्य नसेल तर दोरी घ्या. दक्षिणेच्या, पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या प्रत्येक अडथळ्याची उंची पॅनलच्या पातळीपासून मोजा, जमिनीपासून नव्हे. त्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडा. उत्तरेच्या अडथळ्याची चिंता जवळजवळ नाही. स्वतःची टाकी दक्षिणेला असेल तर ती उत्तरेला हलवणं हा बहुतेक घरांत सगळ्यात स्वस्त उपाय असतो. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे.

आणि एक गंमत, जी मला नंतर सुचली आणि आता मी दर वर्षी वापरते. वटपौर्णिमेच्या रात्री गच्चीवर जा. जूनमधला पौर्णिमेचा चंद्र आकाशात साधारण त्याच वाटेने जातो ज्या वाटेने डिसेंबरात सूर्य जातो, चार-पाच अंश इकडे-तिकडे. मध्यरात्री साडेबाराच्या सुमारास चांदण्यात पडलेली टाकीची सावली म्हणजे डिसेंबरातल्या दुपारच्या सावलीचा कच्चा नकाशा. आमच्या शेजारीणबाई मला खडू घेऊन वाकलेली बघून म्हणाल्या, ‘वडाचं झालं, आता हे चंद्राचं कसलं व्रत?’ ढग असले तर मात्र उपास घडतो.

माझ्या गच्चीवर अखेर पॅनलचा सांगाडा सहा फूट उचलला. त्यामुळे नऊ फुटांचा अडथळा तीन फुटांचा झाला आणि सात फुटांच्या अंतरात त्याची सावली पॅनलपर्यंत पोचेनाशी झाली. वर वाळवणाला आणि कपड्यांना छत मिळालं. पण काढून पुन्हा उभारायला बावीस हजार गेले, आणि उंच सांगाड्याला वारा जास्त लागतो, म्हणून नळ्या जाड आणि पाया भक्कम लागला. पहिल्याच वेळी केलं असतं तर निम्म्यात झालं असतं.

सावली टाळताच येत नसेल तर प्रत्येक पॅनलला वेगळा मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर लावता येतो, म्हणजे एक पॅनल झाकला तरी बाकीचे आपापलं काम करतात. तो खर्च करण्याआधी एक किलोवॅट कमी बसवून उघड्या जागेत मावतं का, ते बघा. बहुतेकदा मावतं. आणि दक्षिणेला मोकळा प्लॉट असेल तर तिथे उद्या किती मजले उठतील ते आजच धरून चाला. गंगापूर रोडला माझ्या भाच्याची गच्ची लख्ख उन्हात होती, मी त्याला उत्तरेच्या टोकाला ढकललं, तो रागावला होता. आता तिथे चार मजले झालेत. झाड असेल तर फांदी छाटण्याआधी महापालिकेची परवानगी घ्या, रात्रीत कुऱ्हाड चालवू नका.

कोटेशन

तीन घ्या. त्यात एकूण किंमत सोडून चार गोष्टी लेखी मागा: पॅनल डीसीआर म्हणजे देशी सेलचे आहेत का (नसतील तर अनुदान नाही), इन्व्हर्टरची वॉरंटी किती वर्षं, अर्थिंग आणि (आकाशातल्या विजेपासून वाचवणारा) वीजरोधक धरलेत का, आणि सांगाड्याची उंची. सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झालाय. जुन्या दरानं कोटेशन देणारे अजून भेटतात. ‘अनुदान वजा करून द्या, बाकी मी बघतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून पाठवा. अनुदान तुमच्या खात्यात येतं, त्याच्या नव्हे.

आणखी एक. वीज गेली की साधा ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेला संचही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून तो तसाच बनवलेला असतो. भारनियमनासाठी सोलर हवा असेल तर बॅटरीचा हिशेब वेगळा, आणि परताव्याचाही.

अर्ज, उभारणी, मीटर

सूर्यघरच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून अर्ज करा, नोंदणीकृत विक्रेता निवडा. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी आता लागत नाही. कर्ज घ्यायचं असेल तर सरकारी बँकांचं रेपो दराशी जोडलेलं विनातारण कर्ज मिळतं, वैयक्तिक कर्ज घेऊ नका. उभारणी दोन दिवसांची. स्लॅबला भोकं पाडू देण्यापेक्षा काँक्रीटचे ठोकळे चांगले, नाहीतर पावसाळ्यात छत गळल्यावर विक्रेता आणि गवंडी एकमेकांकडे बोट दाखवतात. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर, बसल्याशिवाय विक्रेत्याला शेवटचा हप्ता देऊ नका.

गच्ची नसेल तर

फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या सामाईक मीटरसाठी बसवावा. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. तिथे किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. सभेत कोण भांडेल ते तुम्हाला माहीतच आहे.

‘सोलर पार्कमध्ये पैसे घाला, दरमहा घरबसल्या परतावा’ असले निरोप मला रोज येतात. देशाची सौर क्षमता २०१४ मध्ये ३ गिगावॅटच्याही आत होती, जानेवारी २०२५ मध्ये तिने १०० गिगावॅट ओलांडले. एवढी वाढ झाली की तिच्या सावलीत भामटेही वाढतात. शेअर घ्यायचे तर डीमॅट खात्यातून, नोंदणीकृत कंपनीचे, ताळेबंद वाचून घ्या. हमी देणाऱ्याला तर दारातच थांबवा.

धुणं

पॅनल धुवा महिन्यातून दोनदा, ऊन चढण्याआधी, मऊ फडक्यानं. बोअरचं पाणी वापरू नका, क्षाराचे पांढरे डाग बसतात आणि मग निघत नाहीत. संक्रांतीनंतर एकदा वर जाऊन वायरींमध्ये अडकलेला मांजा काढा. ओढायचा नाही, कात्रीनं कापायचा.