करार सापडत नाही? शोध लावताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्याचे सगळे करार सॉफ्टवेअरमध्ये चढवले, तेव्हा वाटलं, फायलींचे गठ्ठे उपसणं संपलं. पहिल्याच एप्रिलमध्ये गोडाऊनमालकाचा फोन आला: "साहेब, करार संपलाय की!" मी तर शोध लावला होता. शेवटची तारीख ३१ मार्चपर्यंत, स्थिती चालू. यादीत चौदा करार आले, त्यात गोडाऊन नव्हतं. नोंद करताना कुणीतरी (बहुधा मीच) शेऱ्यात 'अकरा महिने' लिहून तारखेचा रकाना कोरा सोडला होता.

कोरा रकाना सगळ्यात महागात पडतो. तारखेची अट लावली की जिथे तारीखच नाही ती नोंद गुपचूप गळते. 'स्थिती बंद नाही' अशी उलटी अट लावली तरी बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये कोऱ्या स्थितीची नोंद येत नाही. म्हणून शोध दोनदा लावा: एकदा तारखेचा, एकदा 'शेवटची तारीख कोरी' असा. दुसरी यादी छोटी असते, पण घोळ तिथेच बसलेला असतो.

कंस विसरणं ही दुसरी चूक. सूत आणि रंग-रसायनांचे चालू करार हवेत म्हणून आपण लिहितो:

प्रकार = सूत ऑर प्रकार = रसायन अँड स्थिती = चालू

बहुतेक ठिकाणी 'अँड' (आणि) हा 'ऑर'च्या (किंवा) आधी सोडवला जातो. म्हणजे 'चालू'ची अट फक्त रसायनांना लागते आणि सुताचे जुने, बंद पडलेले करारही यादीत घुसतात. हवं होतं ते असं:

(प्रकार = सूत ऑर प्रकार = रसायन) अँड स्थिती = चालू

बटणांनी अटी जोडायच्या असतील तर दोन्ही प्रकार एका गटात घ्या. यादी अचानक फुगली की आधी कंस बघायचा.

नावांचं तर विचारूच नका. आपल्या गावात एकच पुरवठादार एका करारात श्रीनिवास असतो, दुसऱ्यात स्रीनिवास. जुन्या इंग्रजी दस्तांत गावाचं स्पेलिंग 'शोलापूर' असं सापडतं. अवतरणचिन्हांत पूर्ण नाव टाकलं की तेवढंच, तसंच जुळणार. त्यापेक्षा नावाचा पक्का तुकडा घेऊन 'समाविष्ट आहे' ही अट लावा. जीएसटी क्रमांक नोंदवलेला असेल तर नावाच्या नादी लागूच नका. मराठी करारांत आणखी एक खोच आहे. जुन्या, युनिकोड (संगणकावर अक्षरं साठवायची आजची सर्वमान्य पद्धत) नसलेल्या फॉण्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत वेगळीच अक्षरं असतात. युनिकोडमध्ये कितीही शोधा, सापडत नाही. आकड्यांचंही तसंच. २०२४ मराठी अंकांत शोधलं आणि करारात इंग्रजी अंक असले, तर निकाल शून्य येऊ शकतो.

स्कॅन केलेला करार म्हणजे नुसता फोटो. ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) झालेलं नसेल तर आतला शब्द शोधता येत नाही. पीडीएफमध्ये माउसने ओळ निवडून बघा. निवडली गेली नाही तर आत मजकूरच नाही.

आता तारखांविषयी जरा सविस्तर. आपण शोधतो शेवटची तारीख, पण उपयोगी पडते नोटिशीची. करार ३१ मार्चला संपतो, आपोआप नूतनीकरणाचं कलम आहे आणि नको असल्यास ६० दिवस आधी कळवायचं आहे. म्हणजे जानेवारीअखेरच निर्णय हवा. मार्चमध्ये काढलेली यादी बघून काय करणार? मी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा ही खूणगाठ ठेवलीय: संक्रांतीच्या आठवड्यात यादी काढतो. ९० दिवसांच्या नोटिशीला मात्र तेव्हाही उशीर झालेला असतो, ते करार दिवाळी झाली की बघतो. नोटिशीच्या तारखेचा वेगळा रकाना करून घेतला तर एवढी कसरत उरत नाही.

जतन केलेला शोध तपासा. त्यात गेल्या वर्षीचीच तारीख अडकून बसलेली असते. ठरावीक तारखेऐवजी 'आजपासून ९० दिवसांत' अशी अट मिळत असेल तर ती घ्या. आणि सहकाऱ्याला जास्त करार दिसत असतील तर तुमच्या लॉगिनचे अधिकार विचारा.

नवा शोध बांधला की मी आधी एकच बघतो, त्यात गोडाऊनचा करार येतो का.