कलम फुटलं आणि मग वाळलं? द्राक्षकलम भरताना या चुका टाळा

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात ऑगस्ट-सप्टेंबरात डॉगरीज जातीच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळं धरलेल्या रोपावर, हव्या त्या द्राक्षजातीची काडी बसवून कलमं भरतात. काही दिवसांत डोळे फुगतात, हिरवी फूट दिसते आणि बागायतदार निर्धास्त होतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. खुंटाशी जोड झाला नसला तरी काडीतल्या अन्नावर आणि ओलाव्यावर डोळा फुटू शकतो. ती शिदोरी संपली की फूट मान टाकते, आणि बोल लागतो हवेला.

खुंटाचा एखादा तुकडा आडवा कापून बघाच. बाहेर साल, तिच्या आतल्या अंगाला पानांतलं अन्न नेणाऱ्या रसवाहिन्या. त्याच्या आत लाकूड, म्हणजे मुळांकडचं पाणी वर चढवणाऱ्या जलवाहिन्या. अगदी मधे मऊ भेंड. साल आणि लाकूड यांच्यामधे कॅम्बियमचा अतिशय पातळ थर असतो. त्याच्या पेशी विभागून बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या आणि आतल्या बाजूला जलवाहिन्या तयार होतात. कलमात कापलेल्या जागी आधी कॅलस, म्हणजे जखम भरणाऱ्या पेशींचा थर, भरतो, त्यातून दोन्हीकडचं कॅम्बियम सांधतं आणि मगच वाहिन्या सलग होतात.

म्हणून साल सालीला भिडवून समाधान मानू नका. जाड खुंटाची सालही जाड असते. बाहेरून सपाट दिसणाऱ्या जोडात आतला थर हुकलेला असतो. जुळवायची ती सालीची आतली कड. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर मधोमध बसवू नका, एका अंगाला सरकवा. एक बाजू नीट जुळली तरी कलम जगतं.

बोथट चाकूने पेशी चेंगरतात, काप वेडावाकडा होतो आणि मधे पोकळी राहते. काडीचं टोक पाचरीसारखं तासलं की लगेच खुंटात बसवा, पट्टी घट्ट बांधा. कापाला वारा लागू देऊ नका. काडी तपकिरी, पक्व हवी. कोवळ्या काडीत भेंड जास्त आणि अन्नसाठा कमी.

उसाचं किंवा केळीचं असं कलम का होत नाही, हेही यावरून कळतं. त्यांच्या खोडात वाहिन्यांचे जुडगे विखुरलेले असतात आणि कॅम्बियम नसतंच.

पट्टी सोडायची घाई करू नका. फूट सलग वाढत असेल आणि भर दुपारीही नवी पानं ताठ राहत असतील, तर जोड पाणी ओढतोय असं समजा. तोवर खुंटाची स्वतःची फूट मात्र वेळच्या वेळी काढत राहा.